कीडनाशक फवारणी परवान्याची परीक्षा: लेबल, मापं आणि हमखास चुकणारे प्रश्न

मोजपात्र

व्यावसायिक फवारणीच्या परवान्याची परीक्षा देणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. नियम देशागणिक बदलतात, पण ढाचा बहुतेक ठिकाणी एकच असतो. एक सर्वांना सामाईक पेपर, आणि त्यावर ज्या कामाचा परवाना हवा त्याचा वेगळा विभाग: शेतपिकं, तणनियंत्रण, इमारतींतली कीड, धुरीकरण वगैरे. सामाईक पेपर पक्का झाला की विभागाचा अभ्यास निम्म्याने हलका होतो, म्हणून इथे सामाईक भागाबद्दलच बोलू.

बरेच जण औषधांची नावं आणि किडींची चित्रं पाठ करत बसतात. परीक्षेत खरं तपासलं जातं ते वेगळंच: हातात लेबल दिलं तर या माणसाला ते वाचता येतं का, आणि त्यावरची मात्रा टाकीत बरोबर उतरवता येते का. त्यामुळे पहिले आठ दिवस फक्त लेबलं वाचा. खरी, पूर्ण लेबलं, सोबतच्या घडीच्या माहितीपत्रकासकट. प्रत्येकावरून पुढच्या गोष्टी शोधून लिहून काढा: सक्रिय घटक (औषधातला प्रत्यक्ष काम करणारा भाग) आणि त्याचं प्रमाण, फॉर्म्युलेशन (औषधाचं तयार रूप: भुकटी, दाणे, द्रव वगैरे), धोक्याचा इशारा, कोणत्या पिकावर किंवा जागेवर परवानगी आहे, कमाल मात्रा, हंगामात किती वेळा, दोन फवारण्यांतलं अंतर, फवारणीनंतर किती तास आत जायचं नाही, काढणीआधी किती दिवस थांबायचं, संरक्षक साधनं, प्रथमोपचार, साठवण आणि रिकाम्या डब्याची विल्हेवाट.

यातल्या दोन मुदतींची गल्लत सर्रास होते. पुनर्प्रवेशाची मुदत शेतात जाणाऱ्या माणसासाठी असते आणि बहुधा तासांत देतात. काढणीपूर्व मुदत माल खाणाऱ्यासाठी असते आणि दिवसांत देतात. दोन औषधं एकत्र मारली तर दोन्हींपैकी मोठी मुदत पाळायची, बेरीज करायची नाही.

पानवेल

चांगला धागा. माझं गाडं गणितावर अडतं. हे उदाहरण बघाल का?

एका नोझलमधून ३० सेकंदांत ४०० मिली पाणी पडतं. नोझलांमधलं अंतर ५० सेंमी. ट्रॅक्टरला १०० मीटर जायला ६० सेकंद लागतात. टाकी ४०० लिटरची, औषधाची मात्रा हेक्टरी १.५ लिटर. टाकीत औषध किती घालायचं?

मी असं केलं: ०.४ × ६०० ÷ (६ × ०.५) = हेक्टरी ८० लिटर. म्हणजे एका टाकीत ५ हेक्टर, औषध ७.५ लिटर. पर्यायांमध्ये ७.५ आहे, तरी उत्तर चूक दाखवतात.

मोजपात्र

@पानवेल, सूत्र बरोबर आहे: एका नोझलचा प्रवाह (लि./मि.) × ६०० ÷ (वेग किमी/तास × नोझलांमधलं अंतर मी.) = हेक्टरी लिटर. त्यात घातलेला पहिलाच आकडा चुकला. सूत्राला मिनिटाचा प्रवाह लागतो, तुम्ही अर्ध्या मिनिटाचा घातलात. ३० सेकंदांत ४०० मिली म्हणजे मिनिटाला ०.८ लिटर.

वेग: ६० सेकंदांत १०० मीटर, म्हणजे ताशी ६ किमी. (मीटर ÷ सेकंद × ३.६ हे लक्षात ठेवा.)
०.८ × ६०० ÷ (६ × ०.५) = हेक्टरी १६० लिटर.
४०० ÷ १६० = एका टाकीत २.५ हेक्टर.
२.५ × १.५ = ३.७५ लिटर औषध.

आता ७.५ चा पर्याय मुद्दाम का ठेवला असेल ते बघा. कागदावर टाकी ५ हेक्टरला पुरते असं वाटून ७.५ लिटर ओतलं, तरी नोझल आपलं काम बदलत नाही. टाकी २.५ हेक्टरमध्येच रिकामी होणार आणि हेक्टरी ३ लिटर पडणार, म्हणजे लेबलच्या दुप्पट. पीक करपणं, काढणीच्या मालात अवशेष सापडणं आणि नियमभंग, तिन्ही एका ३० सेकंदांच्या चुकीतून. म्हणून प्रत्येक गणितात आकड्याशेजारी एकक लिहायची सवय लावा. 'लि./मि.', 'किमी/तास', 'मी.' असं लिहिलं की चूक आपोआप डोळ्यांत भरते.

याच गणिताचा पुढचा भागही विचारतात: शेत ६ हेक्टरचं असेल तर शेवटच्या टाकीत किती? दोन भरलेल्या टाक्यांत ५ हेक्टर झाले, उरला १ हेक्टर. शेवटच्या टाकीत १६० लिटर पाणी आणि १.५ लिटर औषध. तिसरी टाकीही पूर्ण भरायची नसते, कारण उरलेलं द्रावण टाकायला जागा नसते.

झडप

प्रवाह, वेग आणि दाब यांचं नातं तोंडपाठ हवं. यावर आकडेमोडीशिवायचे प्रश्न येतात.

वेग निम्मा केला की हेक्टरी पाणी दुप्पट. सरळ हिशोब.

दाबाचं तसं नाही. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून प्रवाह दुप्पट करायला दाब चौपट लागतो. वरच्या उदाहरणात हेक्टरी १६० चे २०० लिटर करायचे असतील आणि दाब ३ बार असेल, तर दाबाने ते साधायला जवळजवळ ४.७ बार लागतील. तेवढ्या दाबाला थेंब बारीक होतात आणि वाऱ्यावर जातात. त्यापेक्षा वेग ६ वरून ४.८ वर आणला की तेच काम होतं, किंवा नोझल एक माप मोठं लावायचं. 'पाण्याचं प्रमाण बरंच वाढवायचं आहे, काय कराल?' याचं उत्तर 'दाब वाढवा' असं कधीच नसतं.

नोझलांचे रंग त्यांच्या मापाच्या नंबरानुसार, आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ठरलेले आहेत: ०१ नारिंगी, ०१५ हिरवं, ०२ पिवळं, ०२५ फिकट जांभळं, ०३ निळं, ०४ लाल, ०५ तपकिरी. ३ बारला ०२ नंबर मिनिटाला साधारण ०.८ लिटर देतं, ०३ देतं १.२ आणि ०४ देतं १.६. इथे एक सापळा आहे. थेंबांच्या आकाराचीही वेगळी रंगखूण असते: बारीक नारिंगी, मध्यम पिवळी, जाड निळी. लेबल 'जाड थेंब' मागत असेल आणि तक्त्यात त्याला निळा रंग असेल, तर त्याचा अर्थ निळं नोझल लावा असा होत नाही. एक रंग प्रवाहाचा, दुसरा थेंबाचा. थेंब किती जाड पडेल हे नोझलचा प्रकार, नंबर आणि दाब तिन्ही मिळून ठरवतात, आणि ते उत्पादकाच्या तक्त्यात बघायचं.

झिजेचा नियम: नव्या नोझलपेक्षा प्रवाह १० टक्क्यांहून जास्त वाढला की नोझल बदला. ०.८ वालं नोझल ०.८८ च्या वर गेलं की बाद. अडकलेलं नोझल तारेने किंवा टाचणीने टोकरायचं नाही, छिद्र बिघडतं. मऊ ब्रश वापरा. तोंडाने फुंकायचं तर मुळीच नाही.

करडई

पाठीवरच्या पंपाचं कॅलिब्रेशन (हेक्टरी किती पाणी पडतं त्याची मोजणी) कसं मांडायचं? तिथे वेग आणि अंतर कोण मोजणार?

मोजपात्र

तिथे क्षेत्र मोजायचं. १० × १० मीटरचा चौकोन आखा. पंपात मोजून साधं पाणी घ्या, नेहमीच्या चालीने आणि नेहमीच्या दाबाने तेवढं क्षेत्र फवारा, मग पंप पुन्हा आधीच्या खुणेपर्यंत भरायला किती पाणी लागलं ते मोजा. १०० चौ.मी.ला लागलेलं पाणी × १०० = हेक्टरी पाणी.

समजा ४ लिटर लागलं. हेक्टरी ४०० लिटर झाले. १५ लिटरचा पंप ३७५ चौ.मी.ला पुरेल. मात्रा हेक्टरी १ लिटर असेल तर पंपाला ३७.५ मिली औषध. चाचणी तीनदा करून सरासरी घ्या, आणि माणूस बदलला की पुन्हा करा, कारण प्रत्येकाची चाल आणि हाताचा झोत वेगळा.

गाळणी

सक्रिय घटकाच्या गणितात लोक दोन प्रकारची लेबलं एकाच साच्यात घालतात. '४८० ग्रॅम प्रति लिटर' असं लिहिलं असेल आणि हेक्टरी ७२० ग्रॅम सक्रिय घटक हवा असेल, तर ७२० ÷ ४८० = १.५ लिटर. '७५ टक्के डब्ल्यूजी' (पाण्यात पसरणारे दाणे) असेल आणि १५० ग्रॅम घटक हवा असेल, तर १५० ÷ ०.७५ = २०० ग्रॅम माल.

द्रावणाची तीव्रता दिली असेल तर: हवी असलेली टक्केवारी × पाण्याचं आकारमान ÷ औषधाची टक्केवारी. ०.०५ टक्के द्रावण, १५ लिटर पाणी, २० ईसी औषध (ईसी म्हणजे पाण्यात दुधाळ मिसळणारं तेलकट द्रव, २० ही घटकाची टक्केवारी): ०.०५ × १५ ÷ २० = ०.०३७५ लिटर, म्हणजे ३७.५ मिली.

पट्टा फवारणीचा प्रश्न दिसला की घाबरू नका. ओळींत ७५ सेंमी अंतर आणि त्यावर २५ सेंमीचा पट्टा, म्हणजे जमिनीचा एक तृतीयांश भाग ओला होतो. सबंध शेताला हेक्टरी ३ लिटर असेल तर इथे हेक्टरी १ लिटर लागेल. पट्ट्याच्या आतली मात्रा मात्र तेवढीच राहते, फक्त फवारलेलं क्षेत्र घटतं.

पानवेल

धन्यवाद, एकक लिहिल्यावर पाच पैकी पाच गणितं बरोबर आली.

टाकीत औषधं मिसळायच्या क्रमाबद्दल विचारायचं होतं. एका टिपणात ईसी आधी आणि भुकटी नंतर असं आहे, दुसऱ्यात उलट. खरं काय?

गाळणी

भुकटी आधी. कारण समजलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

टाकी निम्मी पाण्याने भरा, ढवळणी चालू करा. पाण्याचं पीएच किंवा कठीणपणा सुधारणारं काही घालायचं असेल तर ते पहिलं. मग डब्ल्यूपी (पाण्यात भिजणारी भुकटी) आणि डब्ल्यूजी, ते पूर्ण भिजून पसरेपर्यंत थांबायचं. त्यानंतर एससी (द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांचं औषध), मग ईसी, मग एसएल (पाण्यात पूर्ण विरघळणारं द्रव), शेवटी चिकटद्रव्य किंवा तेल, आणि उरलेलं पाणी. लेबलने वेगळा क्रम दिला असेल तर तोच खरा.

ईसीमध्ये तेलासारखा द्रावक असतो. तो आधी गेला तर भुकटीच्या कणांवर त्याचा लेप बसतो, मग ते पाण्यात भिजत नाहीत. गुठळ्या होतात आणि गाळणीत चिखलासारखा थर साचतो.

नवं मिश्रण असेल तर आधी बरणीत करून बघा. पाणी तेच वापरायचं जे टाकीत जाणार आहे. हेक्टरी १६० लिटर पाण्यात १.५ लिटर औषध जात असेल, तर ५०० मिली पाण्याला सुमारे ४.७ मिली. त्याच क्रमाने घाला, हलवा, १५ ते ३० मिनिटं ठेवा. दह्यासारखी फूट, तळाशी घट्ट साका, वर तेलाचा थर किंवा बरणी गरम होणं, यातलं काहीही दिसलं तर ते मिश्रण टाकीत जाणार नाही. मात्र बरणी फक्त मिसळतं की नाही एवढंच सांगते. पीक करपेल का, हे त्यातून कळत नाही. परीक्षेत हा फरक विचारतात.

पाण्याबद्दलही एक प्रश्न असतोच. मॅलॅथिऑनसारखी काही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं अल्कधर्मी पाण्यात टाकीतच विघटित होऊ लागतात. ग्लायफोसेट या तणनाशकाचं दुखणं वेगळं: कठीण पाण्यातला कॅल्शियम त्याला बांधून ठेवतो, म्हणून त्याच्याआधी अमोनियम सल्फेट घालतात.

करडई

विषबाधेच्या भागाबद्दल कोणी लिहाल का? एलडी ५० मोठा म्हणजे जास्त विषारी, बरोबर ना?

आर्द्रता

उलट. एलडी ५० म्हणजे चाचणीतले निम्मे प्राणी दगावतील एवढी मात्रा, शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. आकडा जितका लहान तितकं विष तीव्र. ५ वालं औषध ५०० वाल्यापेक्षा घातक. आणि हा आकडा फक्त तातडीच्या विषबाधेबद्दल बोलतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं शरीरात जाण्याचे परिणाम त्यात येत नाहीत.

दुसरं पक्कं वाक्य: धोका = विषारीपणा × संपर्क. औषध बदलता येत नसेल तेव्हा संपर्क कमी करणं आपल्या हातात असतं, म्हणून हातमोज्यांवर इतके प्रश्न असतात.

फवारणी करणाऱ्याच्या शरीरात औषध सर्वाधिक जातं ते त्वचेतून, श्वासातून नव्हे. सगळी त्वचा सारखी शोषत नाही. हाताच्या पुढच्या भागाला १ धरलं तर तळहात १.३, पोट २.१, टाळू ३.७, कपाळ ४.२ आणि वृषणाची त्वचा ११.८. पाठीवरचा पंप गळून कमरेखालची पँट भिजली तर काम तिथल्या तिथे थांबवून कपडे बदलून अंग धुवायचं, ते यासाठी. सर्वांत धोक्याची वेळ मूळ औषध मापताना आणि ओतताना असते. तेव्हा डोळ्यांना गॉगल, छातीला रासायनिक एप्रन.

हातमोजे अस्तर नसलेले, नायट्राइलचे किंवा लेबलने सांगितलेल्या साहित्याचे. कापडी आणि चामडी हातमोजे औषध शोषून हाताला लावून ठेवतात, ते हातमोजे न घालण्यापेक्षाही वाईट. फवारा खाली असेल तर बाही हातमोज्यावर. डोक्याच्या वर असेल तर हातमोजा बाहीवर आणि त्याची कड दुमडलेली, म्हणजे ओघळ बगलेपर्यंत जाणार नाही. काम संपल्यावर हातमोजे काढायच्या आधी हातातच धुवा.

श्वसनयंत्रात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कणांची गाळणी वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज एकटं कण अडवत नाही. आणि यातलं कोणतंही ऑक्सिजन तयार करत नाही, त्यामुळे हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तिथे बाहेरून हवा पुरवणारं साधनच लागतं. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, हा प्रश्न जवळजवळ ठरलेला.

लक्षणांमध्ये ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट हे कीटकनाशकांचे दोन गट आधी करा. दोन्ही कोलिनएस्टरेज हे विकर अडवतात. घाम, लाळ, डोळ्यांत पाणी, उलटी, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर. उपचारात डॉक्टर अॅट्रोपिन वापरतात. ते प्रतिबंधक म्हणून आधीच घ्यायचं औषध नाही. रक्ततपासणीसाठी या विकराचा हंगाम सुरू होण्याआधीचा मूळ आकडा लागतो, नाहीतर नंतरचा आकडा कशाशी ताडून पाहणार?

प्रथमोपचार: त्वचेवर पडलं तर कपडे काढा आणि साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची मंद धार. पोटात गेलं तर लेबलने किंवा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उलटी करवायची नाही. दवाखान्यात जाताना लेबल सोबत हवं.

करडई

बाहीचा मुद्दा पहिल्यांदाच कळला. वाऱ्याबद्दलही सांगा. वारा अजिबात नसेल तेव्हा फवारणं सर्वांत सुरक्षित, असं मी धरून चाललोय.

झडप

इथेच गुण जातात. अनेक लेबलांवर ताशी ३ ते १५ किमीच्या आसपास वारा चालतो असं असतं, आणि त्यातली खालची मर्यादा उगाच दिलेली नाही. संध्याकाळनंतर आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगतची हवा थंड होते आणि वर उबदार थर बसतो. याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. बारीक थेंब त्या थंड थरात लटकून राहतात आणि हलकी झुळूक आली की एकगठ्ठा दूर जाऊन उतरतात. ओळखायची खूण म्हणजे धूर: तो वर न जाता आडवा पसरत असेल तर फवारणी बंद. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत हा थर मोडत नाही.

थेंबाचं गणितही विचारतात. व्यास निम्मा झाला की आकारमान एक अष्टमांश, म्हणजे तेवढ्याच द्रवाचे आठपट थेंब. साधारण १५० मायक्रॉनच्या खालचे थेंब वाऱ्यावर सहज वाहून जातात. बूम (नोझल बसवलेला आडवा दांडा) खाली घेणं, जाड थेंबाचं नोझल, कमी दाब, शेजारच्या नाजूक पिकाकडून वारा वाहत असताना काम करणं, हे उपाय. वाफेने होणारं वहन मात्र वेगळं. फवारणीनंतर काही तासांनीही औषध पानावरून उडून जाऊ शकतं, आणि त्याला नोझल बदलून उपाय होत नाही.

गाळणी

भूजलाचे प्रश्न एका वाक्यात बसतात: पाण्यात जास्त विरघळणारं, मातीला कमी चिकटणारं आणि जास्त दिवस टिकणारं औषध, वर रेताड जमीन आणि उथळ पाणी. अर्धायुष्य ३० दिवस असेल तर ९० दिवसांनी १२.५ टक्के उरतं. टाकी भरताना नळीचं तोंड द्रावणात बुडवायचं नाही. मध्ये हवेची फट ठेवा, नळीच्या व्यासाच्या निदान दुप्पट, नाहीतर दाब पडला की द्रावण उलटं विहिरीत ओढलं जातं.

रिकामा डबा तीनदा विसळायचा, आणि तोही लगेच, औषध आत वाळायच्या आधी. साधारण एक चतुर्थांश पाणी, झाकण लावून हलवा, टाकीत ओता, धार संपल्यावर ३० सेकंद उपडा धरा. विसळलेलं पाणी टाकीतच जातं, म्हणून विसळणं टाकी पूर्ण भरायच्या आधी. शेवटी डब्याला भोकं पाडा, म्हणजे कोणी त्यात पाणी साठवणार नाही.

सांडलं तर क्रम असा: आधी गळती थांबवा, मग पसरणं अडवा, मग साफ करा. पाण्याचा पाइप लावून धुवायचं नाही. माती किंवा शोषक पदार्थ टाकून भरून घ्यायचं.

पानवेल

किडी औषधाला दाद देईनाशा होतात, त्या प्रतिकारशक्तीच्या सराव प्रश्नात अडकलोय. 'एका सिंथेटिक पायरेथ्रॉइडनंतर दुसरं पायरेथ्रॉइड, वेगळ्या कंपनीचं आणि वेगळ्या नावाचं. ही आलटापालट योग्य का?' मी 'योग्य' लिहिलं.

मोजपात्र

अयोग्य. कीड कंपनीचं नाव वाचत नाही, औषध तिच्या शरीरात कुठे मारा करतं तेच तिच्या दृष्टीने महत्त्वाचं. दोन्ही गट ३ए मधली आहेत, म्हणजे एकाला सरावलेली कीड दुसऱ्यालाही दाद देत नाही. लेबलवरचा क्रियापद्धतीचा गट बघा. कीटकनाशकांत १ए कार्बामेट, १बी ऑर्गॅनोफॉस्फेट, ३ए पायरेथ्रॉइड, ४ए निओनिकोटिनॉइड, ५ स्पिनोसिन, २८ डायअमाइड. १ए आणि १बी यांच्यातली अदलाबदलही फसवी, कारण अक्षर वेगळं असलं तरी लक्ष्य एकच, ते वर सांगितलेलं कोलिनएस्टरेज. बुरशीनाशकांत ३ म्हणजे ट्रायअझोल आणि ११ म्हणजे स्ट्रोबिल्युरिन. आकडे सारखे दिसले तरी कीटकनाशकाचा ३ आणि बुरशीनाशकाचा ३ यांचा एकमेकांशी संबंध नाही.

आता हा सोडवून बघा: काढणी महिन्याच्या २० तारखेला, टाकीत दोन औषधं, काढणीपूर्व मुदती ७ आणि १४ दिवस, पुनर्प्रवेशाच्या मुदती २४ आणि १२ तास. शेवटची फवारणी कधीपर्यंत, आणि मजुरांना आत कधी सोडायचं?

पानवेल

मोठी मुदत १४ दिवस, म्हणून ६ तारखेपर्यंत. ६ ला सकाळी ९ वाजता फवारणी संपली तर ७ ला सकाळी ९ नंतर आत. दोन्ही मुदती एकाच औषधाच्या घ्यायच्या नाहीत, प्रत्येकीतली मोठी वेगळी बघायची.

मोजपात्र

बरोबर. आणि तास फवारणी संपल्यापासून मोजलेत तेही बरोबर, सुरू केल्यापासून नव्हे.